गार झालेला चहा

मिरजेत दवाखान्यासमोर माझी खानावळ आहे. तिथं चपात्या लाटणाऱ्या बाईंना थायरॉईडचा आजार आहे. "डॉक्टर म्हनलं, माझंच अंग गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीच्या जिवावर उठलंय," त्या सांगतात. "आता घरच्यासंगं भांडून चालतंय व्हय? समजुतीनं घ्यायचं."

ही समजूत मी रोज बघतो. पहाटे उपाशीपोटी गोळी घेऊन त्या अर्धा तास चालत येतात. गोळीनंतर तासभर चहा नाही. ढीगभर चपात्या लाटतात, पण त्यांना गहू सोसत नाही. डब्यात ज्वारीची भाकरी अन् उकडलेलं अंडं. पथ्यानं भागतंय तर गोळी सोडा, असं एक गिऱ्हाईक म्हणालं. "भाकरी भाकरीच्या जागी, गोळी गोळीच्या जागी," बाई म्हणाल्या.

एका सकाळी पाटणकडचे एक म्हातारबाबा आले. त्यांची बायको ऑपरेशननंतर नुकतीच शुद्धीवर आली होती. त्यांनी सगळ्यांना चहा सांगितला, बाईंना तर स्वतः कप आणून दिला. "माझी कारभारीन वाचली. घे पोरी."

बाईंनी घड्याळ बघितलं. अजून वीस मिनिटं होती. दोन्ही हातांत कप धरून त्या म्हणाल्या, "बाबा, कसं झालं ते समदं सांगा की."

बाबा सांगत राहिले. चहावर साय धरली. माझी तव्यावरची चपाती करपली. तास भरल्यावर बाई तो गार चहा शेवटच्या थेंबापर्यंत प्यायल्या. "लय ग्वाड झालाय, बाबा."

मला साखरेचा आजार आहे. लोकांचा आग्रह मोडवत नाही, म्हणून मी इतकी वर्षं पथ्य मोडत आलोय. बाईंनी त्या सकाळी दोन्हीतलं काहीच मोडलं नाही.