कोचाची उजवी बाजू

लोकांच्या खुर्च्या विणणाऱ्या माणसाच्या घरात बसायला एक खुर्ची नव्हती. हे मी गाऱ्हाणं म्हणून सांगत नाही, होतं तसं सांगते. पनवेलच्या जुन्या गावात नदीच्या अंगाला आमची एक खोली. बाप वेताचं काम करायचा. खुर्चीची फाटलेली जाळी कापून काढायची, वेताच्या पट्ट्या पाण्यात भिजवायच्या आणि भोकाभोकांतून ओवून नवी जाळी विणायची. प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्या आणि हे काम महिन्यातून दोनदा मिळायला लागलं. आई कॉलनीत चार घरची भांडी घासायची. घरात आलेली खुर्ची गिऱ्हाइकाची असायची, तिच्यावर बसलेलं बापाला चालायचं नाही. आम्ही जमिनीवर जेवायचो, तिथंच झोपायचो, आणि मी दहावीचा अभ्यास भिंतीला पाठ लावून, मांडीवर पाट घेऊन केला.

दहावी झाले त्या सुट्टीत मोहल्ल्यातल्या चाचीचा कोच आमच्याकडे आला. शिसवी लाकडाचा, दोघांपुरता, हात वळवलेले, पाठीवर कोरलेली वेल. तिच्या सासऱ्याच्या वेळचा होता. बैठकीत मधोमध लाकडी पट्टी, तिच्या डावीकडे एक जाळी, उजवीकडे एक. डावी फाटली होती. उजवी धड होती, पण बसून बसून खोल गेलेली.

चाची दारातूनच म्हणाली होती, “डावी बाजू तेवढी कर. उजवीला हात लावू नको.”

बापाला वाटलं, बाई पैशाला जपते आहे. नवरा कुवेतला नोकरीत असताना वारला, घरात कमावणारं कोणी नाही. त्यानं डावी बाजू विणली, लांब जाऊन बघितली आणि मान हलवली.

“एक गाल वर, एक गाल बसलेला. असला काम माझ्या हातून भाईर जानार नाय.”

आई म्हणाली, “तिनं सांगितलंय ना नको म्हणून?”

“तिला काय सांगायचा. तिच्याकडून जास्तीचा घेनार नाय, मग तर झाला?”

आणि त्यानं उजवी जाळीही कापली. दोन दिवस बसून दोन्ही बाजू सारख्या, ताठ, ढोलकीसारख्या विणल्या. माझ्या बापाच्या हातचं त्याहून चांगलं काम मी बघितलेलं नाही.

चाची कोच न्यायला हातगाडीवाल्याला घेऊन स्वतःच आली. डावीवरून तिनं नुसती नजर फिरवली. उजवीवर तळहात ठेवला आणि तो तिथंच राहिला.

“इथे खड्डा होता.”

“भरून काढला, चाची,” बाप खुशीत म्हणाला.

ती जमिनीवर बसली. आमच्या घरात पाहुण्यानं जमिनीवर बसणं नवं नव्हतं, पण ती बसली नव्हती, खचली होती. “दोन वर्षांनी एकदा यायचा,” ती म्हणाली. “आला की रोज संध्याकाळी इथं बसायचा, मी इकडे. त्याला तिथल्या मातीत ठेवला. कबर मी बघितली नाही. माझ्याजवळ एवढाच होता तो.” मग मान वर करून तिनं विचारलं, “जुना वेत कुठाय?”

आईनं माझ्याकडे बघितलं. सकाळी तिनं तो वेत बंबात घातला होता. त्या पाण्यानं मी आंघोळ केली होती.

आमच्या तोंडांकडे बघूनच चाचीला कळलं. उठता उठता ती म्हणाली, “राहू दे तुमच्याकडेच. मी नेऊन काय करू?” हातगाडी रिकामी गेली.

कोच भिंतीला लावून ठेवला. त्यावर कोणी बसायचं नाही, असं कोणी ठरवलं नव्हतं, तरी कोणी बसलं नाही. आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी तिन्हीसांजेला, आई दिवा लावत असताना, उजवी बाजू वाजली. कर्र. जड माणूस बसताना वेत वाजतो, अगदी तसा. थोड्या वेळानं पुन्हा, माणूस उठताना वाजतो तसा.

“मानूस येतोय तो,” आई म्हणाली.

“नवा वेत हाय. खाडीवरचा वारा आला का आवाज करतो,” बाप म्हणाला. पण कोचाकडे त्यानं बघितलं नाही.

आज मला विचाराल तर मीही वाऱ्याचंच सांगेन, शिकलेली आहे मी. तरी एक गोष्ट खरी. आवाज रोज त्याच वेळेला यायचा, आणि डावी बाजूही नव्याच वेताची होती. ती कधी वाजली नाही.

बापाचं जेवण तुटलं. चाचीच्या दारावरून जायचं टाळायला तो लांबून फिरून बाजारात जाऊ लागला. मग एका संध्याकाळी बाहेरून आला, हातपाय धुतले आणि सरळ उजव्या बाजूवर जाऊन बसला. दुसऱ्या दिवशीही बसला. आईला वाटलं, झपाटला.

“खड्डा परत पाडतोय,” तो म्हणाला. “मी मोडला, मीच करीन.”

पण माझा बाप म्हणजे काठीला सदरा घातलेला. महिना बसला तरी जाळी हलली नाही, आणि संध्याकाळी काम आलं की तेवढंही बसणं व्हायचं नाही. शेवटी त्यानं मला हाक मारली. “अकरावीचा अभ्यास कुठं करतेस?”

“जमिनीवर.”

“आजपासून इथं कर.”

आई उसळली. “मेलेल्या मानसाच्या जागेवर पोरीला बसवताव?”

“त्याची जागा मीच जाळलीय,” बाप म्हणाला. “आता कोनाच्या तरी बसन्यानंच व्हईल ती.”

मला भीती वाटायची, खोटं कशाला बोलू. पहिले काही दिवस मी नुसती कडेला टेकायचे. मग कोणी न शिकवता माझ्या तोंडून निघायला लागलं, “चाचा, बसते हं.” मग बसायचे. वेत वाजायचा. त्या जागेवर मला कधी एकटं वाटलं नाही. ते बरं होतं की वाईट, हे तेव्हाही कळत नव्हतं.

बाप दर महिन्याला कोचाच्या दोन कडांवरून दोरी ताणायचा आणि दोरी ते जाळी किती बोटं अंतर पडलं ते मोजायचा. जुना खड्डा तीन बोटं खोल होता, हे त्याच्या हाताला आठवत होतं.

“अर्धा बोट. अभ्यास कमी पडतोय.”

“बाबा, मार्क बघा ना, खड्डा काय बघता?”

“मार्क मला वाचता येत नाय. हे येतं.”

बारावीला इंग्रजीत नापास झाले तेव्हा मी पुस्तकं बांधून ठेवली. दोन मावश्यांनी माझ्यासाठी कोन गावचं एक स्थळ आणलं. बाप त्यांच्यासमोर दोरी घेऊन आला, मोजलं आणि म्हणाला, “दीड बोट झालाय. निम्म्यात काम सोडायची आमच्यात रीत नाय.” मावश्यांना काही कळलं नाही. मला कळलं. ऑक्टोबरला इंग्रजी सुटलं आणि पुढं कॉलेजला गेले. खारघरकडे इमारती उठत होत्या, वर्गातल्या मुली तिथल्या फ्लॅटांच्या आणि सोफासेटच्या गप्पा मारायच्या. मी सांगायचे, आमच्याकडे शिसवी कोच आहे. अर्धाच वापरतो, हे सांगत नसे. डाव्या बाजूवर एवढ्या वर्षांत कोणी बसलं नाही.

बी.ए.चा निकाल लागला त्या दिवशी बापानं दोरी ताणली. तीन बोटं. गुणपत्रिका त्यानं उलटी धरून बघितली आणि कपाळाला लावली. “हातगाडी बोलाव,” म्हणाला.

चाची म्हातारी झाली होती. नजर गेल्यासारखी. कोच तिच्या ओट्यावर ठेवला, तशी ती पुढे आली. तिनं तळहात उजव्या बाजूवर ठेवून हळूहळू फिरवला, मधे, कडेला, पुन्हा मधे.

“हा त्याचा नाही.”

“नाय, चाची,” बाप म्हणाला. “त्याचा मला जमनार नव्हता.”

“मग कोणाचा?”

“हिचा. अकरावीपासनं बसली. आज बी.ए. झाली.”

तिनं माझा हात चाचपून धरला. “भीती नाही वाटली, बेटी?”

“वाटायची. रोज विचारून बसायचे.”

“काय विचारायचीस?”

“चाचा, बसते हं.”

तिचं तोंड थरथरलं. मला वाटलं, रडते. पण हसत होती. “मग? काय म्हणायचा?”

“वेत वाजायचा.”

“तसाच होता. तोंडानं कधी बोलला नाही.” ती सावकाश डाव्या बाजूवर बसली आणि उजव्या बाजूवर हात ठेवून तशीच राहिली. मग बापाला म्हणाली, “राहू दे इथं.”

घरी आलो. संध्याकाळ झाली, आईनं दिवा लावला. तिघंही भिंतीकडे कान देऊन बसलो होतो. काही वाजलं नाही. मग आम्ही जमिनीवर जेवायला बसलो.

कोच चाचीच्या घरी परत गेला. बाप दुसऱ्या दिवशी तिच्या दारावरून बाजारात गेला. आणि मी, आमच्या घराण्यात पहिली, दुसऱ्या श्रेणीत बी.ए. झाले.