हिराताईला मी सांगितलेला अँटिव्हायरस

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हाला सांगतेय, कारण – कारण आज मी फार खुशीत आहे, आणि अशा खुशीत लपवलेली गोष्ट जरा जास्तच टोचते.

किन्हवलीत माझा कॉम्प्युटर क्लास आहे. गावात मला सगळे ‘मॅडम’ म्हणतात. या एका शब्दाची किती सवय लागते, ठाऊक आहे? मॅडमला विचारा, मॅडमला सगळं येतं – असं रोज ऐकलं की आपल्यालाही ते खरं वाटायला लागतं.

हिराताई वाघ माझ्याकडे टायपिंग शिकायला आली. गावाबाहेरच्या कातकरी वाडीतली, माझ्याच वयाची, अर्धं बालपण वीटभट्टीवर गेलेलं, तरी हट्टाने सातवी झालेली. वाडीतले लोक पिढ्यान्‌पिढ्या कसत आलेल्या जंगलजमिनीचे दावे सरकारपुढे होते. त्यांची सगळी कागदं हिराताईच्या जुन्या लॅपटॉपमध्ये – नकाशे, फोटो, म्हाताऱ्या माणसांनी सांगितलेले जबाब. त्यातली काही माणसं आता नाहीत.

एक दिवस भर वर्गात तिने विचारलं, “मॅडम, मला अँटिव्हायरस सांगा. पण असा, की ज्यात कुठल्याच सरकारचा हात नाय. तो आपल्या सगळ्या फायली बघतो ना? मंग तो कोणाचा माणूस, ते आधी कळाया नको?”

काय प्रश्न होता! खरंच आहे – व्हायरस शोधायचा तर त्या प्रोग्रॅमला आपलं पानन्‌पान चाळावं लागतं. इतकी वर्षं शिकवतेय, पण माझ्या डोक्यात हे कधी आलं नव्हतं. वर्गातल्या वीस मुली माझ्या तोंडाकडे बघत होत्या. ‘मला माहीत नाही’ – एवढंच म्हणायचं होतं. तेवढं मला जमलं का?

मी एक नाव सांगितलं. वर म्हटलं, “मी स्वतः तपासलंय. कंपनी कुणाची, कुठली, सगळं. बिनधास्त टाका.”

काय तपासलं होतं मी? काहीच नाही. एक ओळही वाचली नव्हती. ते नाव माझ्या टेबलावरच्या माऊसपॅडवर छापलेलं होतं. नजर तिथे गेली आणि तोंडातून बाहेर पडलं – बस्स.

काही महिन्यांनी हिराताई वर्तमानपत्राचं कात्रण घेऊन आली. एका देशाने तीच कंपनी आपल्या कचेऱ्यांमधून काढून टाकली होती – दुसऱ्या एका सरकारच्या फार जवळची असल्याच्या संशयावरून. नुसता संशय, पण हिराताईचा चेहरा उतरला होता.

“तुमी तर तपासलेलं ना?”

“तेव्हा ठीक होतं गं,” मी म्हटलं. “नंतर काहीतरी बदललं असणार.”

दुसऱ्यांदा खोटं. आणि या वेळी बघायला वर्गात कुणी नव्हतंसुद्धा.

ती लगेच हसली. “मंग तुमचा काय दोष? चला, आता दोघी मिळून बघू.”

पुढचे कितीतरी रविवार – काय सांगू! इतकी मजा मी शाळेतही केली नव्हती. ती पानात बांधून उकडलेले कंद आणायची, मी चहा करायची, आणि आम्ही कंपन्यांच्या अटी वाचत बसायचो. मालक कोण? कायदा कुठल्या देशाचा? बाहेरच्या तज्ज्ञांकडून तपासून घेतात का? संशयास्पद फाईल परस्पर स्वतःकडे पाठवतात का, आणि ते बंद करता येतं का? हिराताई इंग्रजी एकेक अक्षर लावून वाचायची. आम्ही पाठवलेल्या ईमेलला एका कंपनीचं उत्तर आलं त्या दिवशी तर तिने माझा हात धरून वर्गात गिरकीच घेतली.

दोन कंपन्या उरल्या. एक म्हणत होती, आमच्यावर कुणाचाच दबाव नाही. दुसरीने लिहिलं होतं – आमच्या देशाचा कायदा आम्हाला लागू आहे, सरकारने किती वेळा माहिती मागितली ते आम्ही जाहीर करतो, आणि तुम्ही परवानगी दिल्याशिवाय तुमची फाईल आमच्याकडे येत नाही.

“हीच घेऊ,” हिराताई म्हणाली. “सगळं झकास हाय म्हणणाऱ्याची मला भीती वाटते गो, मॅडम. जो आपली अडचन सांगतो, तो बरा.”

मी मान खाली घालून डाऊनलोडचं बटण दाबलं.

जुन्या प्रोग्रॅममधून काही बाहेर गेल्याचं कधी दिसलं नाही. त्यात माझं कर्तृत्व काही नाही.

आज मुरबाडला हिराताईने वाड्यावाड्यांवरून आलेल्या बायकांना हेच सगळं शिकवलं. माईक हातात, पदर खोचलेला, सभागृह हसवत सुटली होती. “जो फुकट देतो त्याला ईचारा, तुझं पोट कशावर भरतं रे?” बायका लोटपोट. मला अभिमानाने भरून आलं होतं. शेवटी तिने मला पुढे बोलावलं.

“ह्या आमच्या मॅडम. माझ्या डोक्यात नुसता प्रश्न होता. ह्यांनी तर पहिल्या दिवशीच सगळं तपासून ठेवलेलं. तपासाची सवय मला ह्यांनी लावली.”

टाळ्या सुरू झाल्या. माईक माझ्या हातात होता. एक वाक्य पुरलं असतं – नाही का?

मी नमस्कार केला, हसले, आणि माईक तिला परत दिला. त्या टाळ्या मला गोड लागल्या. आत्ता लिहितानाही लागतायत.