खोडलेला शुक्रवार

सांगलीत मी वेबसाइट बनवून देते. आष्ट्याजवळच्या आमच्या गावच्या पाणी संस्थेची वेबसाइटही मीच केली आणि तिचं मला जरा जास्तच कौतुक होतं. संस्थेच्या कचेरीत एक फळा आहे. कुणाच्या उसाला कधी पाणी मिळणार, ते त्यावर लिहितात. वार बदलला तर जुना पुसत नाहीत. पुसला की कुणीतरी गुपचूप बदलला म्हणून भांडणं होतात. जुन्यावर रेघ मारायची आणि नवा शेजारी लाल खडूनं लिहायचा, अशी रीत. मी ती जशीच्या तशी वेबसाइटवर आणली. सेक्रेटरी म्हणाले, "आपला फळाच हाय की ह्यो." मी खूश.

माझे मामा त्याच गावात ऊस करतात, सैन्यातून निवृत्त झालेले. साखरेच्या आजारानं त्यांची नजर गेली, तेव्हापासून ते फोन ऐकतात. बोट फिरवलं की फोनमधली बाई वाचून दाखवते. पाण्याचा वार विचारायला आता कुणाच्या दारात उभं राहायला नको, याचा त्यांना केवढा आनंद झाला होता.

ऐन उन्हाळ्यात, एका शुक्रवारी त्यांचा फोन आला. "पोरी, सकाळधरनं बांधावर बसलोय. पाणी न्हाई."

मी यादी उघडली. त्यांच्या नावापुढे शुक्रवारवर रेघ होती आणि शेजारी लाल अक्षरात मंगळवार, तोही होऊन गेलेला. मंगळवारी शेतावर कुणीच नाही म्हटल्यावर पाणी पुढच्याला गेलं होतं. "मामा, शुक्रवार खोडलाय की," मी म्हणाले, तेही जरा तोऱ्यात.

"बाईनं दोनी वार सांगितलं. आदी शुक्रवार, मग मंगळवार. मला वाटलं, मंगळवार दुसऱ्या कुणाचा असंल."

रेघ आणि लाल रंग डोळ्यांसाठी होते. रद्द हा शब्द मी कुठेच लिहिला नव्हता. शेतकऱ्यांची नावंही नुसती मोठी आणि ठळक केली होती. हे मथळे आहेत, असं फोनला कळेल अशी काहीच खूण केली नव्हती. मग कुणाचा मजकूर कुठे संपतो, हे त्या बाईनं कसं सांगावं? इतकी वर्षं हेच काम करते आणि हे मला सुचलं नाही, याची लाज वाटली.

रविवारी गावी गेले. मामांच्या सोप्यात बसून नावांचे खरे मथळे केले, जुन्या वारांआधी 'रद्द' आणि नव्यांआधी 'नवीन वार' असं लिहिलं. मामांनी फोन कानाजवळ धरून बोट फिरवलं. आता ते थेट स्वतःच्या नावावर पोचले. रद्द, शुक्रवार. नवीन वार, मंगळवार. त्यांनी ते दोनदा ऐकलं.

"किती येळ लागला गं तुला?"

"दहा मिनिटं."

त्यांनी फोन खिशात ठेवला, काठी घेतली आणि पुढचं पाणी कधी आहे ते विचारायला पुन्हा पूर्वीसारखे शेजाऱ्याच्या दारात गेले.