दामूअण्णांची गाडी आणि आमचा मुका ब्रेक

आमचे साहेब देसाई सर दामूअण्णांच्या गाडीतून उतरले तेव्हा त्यांचा चेहरा आमरसाच्या पंगतीतून उठल्यासारखा तृप्त होता. मग ते आमच्या गाडीत बसले, जालना रोडवर एक चक्कर मारून आले आणि दार आपटून म्हणाले, "वैशाली, आपला ब्रेक मुका आहे."

आपला म्हणजे माझा. आमच्या कंपनीच्या नव्या स्पोर्ट्स सेडानचं ब्रेक पेडल माझ्याकडे होतं. सेडान म्हणजे मागं डिकी असलेली चार दारांची गाडी. स्पोर्ट्स सेडान म्हणजे तीच, पण पोट जमिनीला टेकायच्या बेतात असलेली आणि पळायला उतावीळ. ब्रेक दाबताना पायाला जे कळतं त्याला आम्ही पेडल फील म्हणतो. पेडल किती खाली जातं, किती जड लागतं, गाडी आपलं ऐकतेय असं वाटतं का, हे सगळं त्यात आलं. हे मशीनवर पुरतं मोजता येत नाही. म्हणून स्पर्धकाची गाडी आणायची, दोन्ही पाठोपाठ चालवायच्या आणि माणसांना विचारायचं.

स्पर्धकाची गाडी कंपनी विकत घेणार होती, ती काही वेळेवर आली नाही. मग आमचे सीनियर टेस्ट ड्रायव्हर सलीमभाई यांनी ओळखीतल्या दामूअण्णांना गाठलं. अण्णांची शेती करमाडला, मुलं शहरात नोकरीला, आणि दारात नेमकी तीच गाडी. नवीकोरी. सीटवरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. अण्णा गाडी द्यायला तयार झाले, पण अटी घालून. ते स्वतः मागं बसणार. आत कुणी काही खाणार नाही. गाणी त्यांच्या आवडीची लागणार. बूट-चपला बाहेर. पुढं बांधलेल्या लिंबू-मिरचीला हात लावायचा नाही.

"माझ्या जावयाला बी बूट घालून बसू देत नाय मी," अण्णा म्हणाले. "तुमी तर कंपनीचे."

आम्ही सगळं कबूल केलं. आमचे बूट टोमॅटोच्या क्रेटमध्ये घालून सलीमभाई व्हॅननं मागं येत. करमाडच्या पुढं एका रसवंतीपाशी गाड्या बदलायच्या. तिथं आम्ही क्रेटमधले जाडजूड सेफ्टी शूज चढवून आमच्या गाडीत बसायचो, कारण कंपनीच्या टेस्ट गाडीत सेफ्टी शूजशिवाय पाऊल ठेवायला मनाई. दोन्हीकडचे नियम आम्ही इमानेइतबारे पाळत होतो.

बाकीची काळजी तर विचारूच नका. दोन्ही गाड्यांच्या टायरमध्ये हवा सारखी, टाकीत पेट्रोल सारखं, एसी सारखा. अण्णा वजनदार गृहस्थ, म्हणून आमच्या गाडीच्या मागच्या सीटवर तेवढ्याच वजनाच्या वाळूच्या गोण्या.

"ह्या गोण्या कशापायी?" अण्णांनी विचारलं.

"तुमच्या जागी, अण्णा."

"आस्सं," अण्णा म्हणाले आणि गोण्यांकडे जरा नाराजीनंच बघत राहिले.

सगळ्या इंजिनिअर मंडळींनी गाड्या चालवल्या. निकाल एकच. अण्णांच्या गाडीचा ब्रेक पायाशी बोलतो, आमचा बोलत नाही. मीही चालवून पाहिली. खोटं कशाला बोलू, मलाही तसंच वाटलं.

"स्प्रिंग बदलू, बूस्टर बदलू," सर म्हणाले. बूस्टर म्हणजे पायाचा जोर वाढवणारा डबा. "लॉन्च पुढं ढकलू. पेडल पुण्याच्या टीमकडे देतो. तू काही दिवस वायपर बघ."

वायपर! ज्या पेडलसाठी मी घरच्या जेवणाच्या टेबलाखालीही पाय दाबून बघायची, ते जाणार आणि हातात वायपर येणार. मला रडू येत होतं. सगळ्यांसमोर रडायची लाज वाटली म्हणून मी उसाचा रस मागवला.

तेवढ्यात अण्णा म्हणाले, "माझी गाडी समद्यांनी चालवली. आता तुमची मला द्या की एक डाव."

नाही कसं म्हणणार? सलीमभाई शेजारी बसले. गाडी गेली आणि परत आली. अण्णा खिडकीतून म्हणाले, "ब्रेक लई झ्याक हाय की हिचा! येकदम माझ्या गाडीवानी."

"अण्णा, तुम्हाला बरं वाटावं म्हणून..." मी म्हणत होते. मग दार उघडलं आणि त्यांचे पाय दिसले. उघडे. चपला सवयीनं बाहेर काढल्या होत्या, गोण्यांच्या गाडीतसुद्धा!

मी तिथंच खाली बसून बूट सोडले आणि आमची गाडी घेऊन निघाले. पहिलाच ब्रेक दाबला आणि एकटीच ओरडले. बोलत होता. चांगला गप्पा मारत होता.

सरांना पटेना. "मनाचे खेळ आहेत. त्यांची गाडी बूट घालून चालवून बघू, मग मानतो."

"बूट? माझ्या गाडीत?" अण्णा दारासमोर आडवे उभे राहिले.

तोडगा सलीमभाईंनी काढला. "अण्णा, जमीन को लगे भी नहीं ऐसे नवे बूट आणले तर?"

अण्णांनी बराच विचार केला. "कोरे असले तर चालतंय."

सलीमभाई प्लांटच्या स्टोअरमधून सेफ्टी शूज घेऊन आले. अण्णांनी चष्मा लावून दोन्ही बुटांचे तळ तपासले. देसाई सर सीटवर आडवे बसले, पाय बाहेर हवेत, आणि सलीमभाईंनी त्यांना नवरदेवासारखे बूट चढवले. रसवंतीवरची सगळी गिऱ्हाइकं ग्लास हातात धरून बघत होती. बूट एक नंबर मोठे निघाले. सर तसेच गाडी घेऊन निघाले.

गाडी परत आली तेव्हा त्यांचा चेहरा पडला होता.

"बोलला का ब्रेक, सर?" मी विचारलं.

"ठार मुका," सर म्हणाले. "पण गिऱ्हाईक बूट घालूनच चालवणार ना?"

मी अण्णांच्या पायांकडे बोट दाखवलं. सर खाली उतरायला निघाले.

"थांबा! बूट खाली टेकले तर पुन्ना आत येता येणार नाय," अण्णा ओरडले.

सरांना पुन्हा आत यायचंच नव्हतं. ते उतरले.

पेडल माझ्याकडेच राहिलं. स्प्रिंग तीच, बूस्टर तोच, लॉन्च ठरल्या दिवशी. पुण्याच्या टीमला वायपर मिळाले. आठवडाभरानं मला सेफ्टी खात्याचं वॉर्निंग लेटर आलं: कंपनीची टेस्ट गाडी अनवाणी चालवल्याबद्दल. खाली सही देसाई सरांची.

नव्या मुलांना मी एवढंच सांगते. नोकरीत शोध जरूर लावा, पण बूट घालून लावा.