फाटकास्ट

मी अक्षरं ओळखायला शिकले ती पत्रकांवरून. नव्वदच्या दशकात मंचरच्या आमच्या घरात पुढच्या खोलीत सायक्लोस्टाईलचं यंत्र होतं. रेशनच्या रॉकेलपासून तळेघरच्या एसटीपर्यंत कशावरही वडील पत्रक काढायचे. शाई कधी जास्त उतरायची, कधी कमी. 'हक्क' या शब्दातलं जोडाक्षर म्हणजे कायम एक काळा ठिपका. तरी लोक 'हक्क' असंच वाचायचे. कुणी छपाईवर शेरा मारला की वडील चष्मा वर सरकवून म्हणायचे, "मजकूर महत्त्वाचा." पाढे पाठ व्हायच्या आधी मला हे वाक्य पाठ झालं होतं.

म्हणून दोन हजारनंतरच्या त्या वर्षांत, मोबाईल गावोगाव पोचले तेव्हा, मैत्रिणीने मला पॉडकास्ट म्हणजे काय ते सांगितलं आणि मला लगेच कळलं, की हे बोलकं पत्रक आहे. नारायणगावच्या पेठेत तिच्या घरच्यांचं कापडाचं दुकान होतं. घराणं राजस्थानातलं, पण तिच्या आजोबांची मराठी माझ्यापेक्षा जास्त जुन्नरी होती. दुकानामागच्या गोदामात साड्यांच्या गठ्ठ्यांमध्ये एक सुटे भाग जोडून घेतलेला कॉम्प्युटर होता आणि दुकानाच्या ओट्यावर तिच्या भावाचं मोबाईलचं काउंटर. लोक तिथे मेमरी कार्डात गाणी भरून घ्यायला यायचे. गाण्यांबरोबर आमच्या पॉडकास्टचा भागही भरून द्यायचा, फुकट, असं ठरलं.

विषय ठरवायला वेळ लागला नाही. यंत्रं आमच्या लोकांच्या हातात आली होती, पण त्यांची माहिती एकतर इंग्रजीत होती किंवा विकणाऱ्याच्या तोंडात. मोबाईलची रेंज का जाते, कॉम्प्युटरला व्हायरस लागतो म्हणजे काय लागतं, मोटरच्या स्टार्टरमध्ये काय असतं, हे मराठीत आणि विक्रीची भानगड न ठेवता सांगायचं. मैत्रीण समजावून सांगायची. मी प्रश्न विचारायची आणि मधूनमधून अन्यायावर बोलायची.

लोकांनी ऐकलं. मग लोक काउंटरवर येऊन मतं देऊ लागले, आणि एकाही मताचा मजकुराशी संबंध नव्हता.

आणे गावच्या एकाने विचारलं, की तुम्ही पत्र्याच्या डब्यात बसून बोलता का. तळेघरचे एक मास्तर महिन्यातून एकदा खाली उतरायचे. त्यांनी कौतुक केलं, की डोंगरात चालताना ऐकायला बरं वाटतं, मागे सारखा पाऊस पडत असल्यासारखं येतं. एका बाईंनी माझ्या मैत्रिणीला काळजीने विचारलं, "त्या दुसऱ्या ताईचं कुणाशी भांडाण चाललंय?" ते भांडण नव्हतं. ते माझं वीजमंडळावरचं मत होतं. मी माइकला फार जवळून आणि फार जोरात बोलते, म्हणून आवाज फाटतो, असं मैत्रिणीचं म्हणणं होतं. एकाने तर नावच ठेवलं. पॉडकास्ट हा शब्द तसाही कुणाच्या जिभेवर नीट बसत नव्हता. तो म्हणाला, "ते फाटकास्ट हाय ना, ते भरा." त्या दिवसापासून पेठेत आमचं तेच नाव झालं.

मला राग आला. ही माणसं लग्नात भोंग्याखाली पंगतीला बसून निवांत जेवायची आणि आमच्या आवाजाची चिकित्सा करायची. मैत्रिणीला राग आला नव्हता. ती म्हणाली, "कापड कितीही टिकाऊ असू दे, गिऱ्हाईक आधी हात फिरवून बघतं."

"आपण कापड विकत नाही," मी म्हणाले.

"म्हणजे फुकट द्यायचं तर डागाळलेलं दिलं तरी चालतं?"

मी विषय बदलला आणि आम्ही मोटरचा भाग केला.

या भागाची लोक वाट बघत होते. तीन फेजपैकी एक गेला की विहिरीवरची मोटर फिरत नाही, नुसती घूं करत राहते आणि बघता बघता जळते. हा घूं ओळखता आला आणि बंदचं बटण लगेच दाबलं तर मोटर वाचते. पिंपळवंडीच्या एका काकांची मोटर मागच्या हंगामात अशीच जळली होती. आतली तार नव्याने भरून ती परत येईपर्यंत कांद्याची पात माना टाकून बसली. नंतर मोटर सुरू झाली, पण काकांचा त्या मोटरवरचा विश्वास गेला. आता पुन्हा कांदा लावला होता. ते काउंटरवर दोनदा येऊन बजावून गेले होते, की बाकी काही सांगू नका, तो आवाज तेवढा ऐकवा. मोटर जळताना ते घरी होते, त्यांना तो आवाज माहीतच नव्हता.

आम्ही ऐकवला. म्हणजे मीच तोंडाने घूं केलं. बऱ्यापैकी जमलंय असं मला वाटलं.

चार-पाच दिवसांनी काका दुकानाच्या पायरीवर येऊन बसले. त्यांनी सांगितलं ते असं. पाणी धरायला गेले, मोबाईल खिशात टाकला, आमचा भाग लावला आणि स्टार्टरजवळ उभे राहिले. मोटर चालू केली तसा घूं ऐकू आला. त्यांनी झटकन बंद केली. घूं चालूच. त्यांना वाटलं, स्टार्टरमध्ये काहीतरी शिरलं. फ्यूज काढले, तरी घूं चालूच. बायकोला हाक मारली, तिलाही ऐकू आला. दोघं विहिरीत वाकून बघून आले. शेवटी बायको म्हणाली, तुमच्या खिशातून येतोय. तोवर लाईट जायची वेळ झाली आणि त्या दिवसाचं पाणी गेलं ते गेलंच.

"तुमी तोंडानं घूं करायच्या आधीपास्नंच घूं चालू व्हता," काका म्हणाले. "मग तुमचा कंचा आन् मोटरीचा कंचा, मानसानं वळखायचं कसं?"

मी म्हणाले, "काका, आवाजाचं जाऊ द्या. मजकूर महत्त्वाचा."

काका म्हणाले, "ताई, आवाज हाच मजकूर हाय की हितं."

मैत्रीण हसली नाही, याबद्दल मी तिची आजन्म ऋणी आहे. ती उठली, भावाच्या काउंटरवर गेली आणि तिने तो भाग काढून टाकला. काकांना म्हणाली, की कांदा पोसायला लागायच्या आत दुसरा भाग देते. पायरी उतरता उतरता काका म्हणाले, की तोवर ते रोज मोटरीजवळ बसून राहणार, दुसरं काय करणार.

आता तो घूं आमच्या रेकॉर्डिंगमध्ये येतो कुठून, ते शोधायचं होतं. गोदामात कॉम्प्युटरची पिन काढली, घातली, माइकची वायर भिंतीपासून लांब नेली, पंखा बंद केला. घूं हटेना. मैत्रिणीचं मत, की गोदामाला अर्थिंग धड नाही आणि विजेच्या तारांचाच आवाज माइकच्या वायरीत उतरतो. अर्थिंग नवं करायचं तर दुकानाची फरशी फोडावी लागली असती आणि फरशीचा विषय तिच्या वडिलांपुढे काढायची हिंमत दोघींत नव्हती.

आम्ही तशाच बसलो असताना लाईट गेली. भारनियमनाची वेळ होती. ट्यूबलाईटची किरकिर थांबली. शेजारची पिठाची गिरणी थांबली, समोरचं ज्यूसचं मशीन थांबलं, पेठेतली सगळी गाणी मध्येच तुटली. दारातून दुपारचं ऊन तेवढं आत येत होतं आणि साड्यांच्या गठ्ठ्यांमध्ये इतकी शांतता झाली की मैत्रिणीच्या बांगडीचा आवाज मोठा वाटला. तिने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे.

"सेलवर चालणारं काही आहे का तुझ्याकडे?" तिने विचारलं.

होतं. सभांमधली भाषणं उतरवून घ्यायला वडील एक टेपरेकॉर्डर वापरायचे. पण मला मान्य करायला जड जात होतं ते वेगळंच. याच भारनियमनाविरुद्ध मी स्वतःच्या हाताने पत्रक लिहून मंचरच्या आणि नारायणगावच्या, अशा दोन्ही तालुक्यांत वाटलं होतं. 'अंधार कुणासाठी?' असा मथळा होता. आता उत्तर मिळालं होतं. आमच्यासाठी.

टेपरेकॉर्डर मागितला तेव्हा वडिलांनी कारण विचारलं. मी सगळं सांगितलं आणि त्यांच्याच वाक्याने बचाव केला. ते कपाटातून टेप काढून पुसत म्हणाले, "अगं, ते मी लोकांना सांगायचो. चांगली शाई मिळत नव्हती, मग दुसरं काय सांगणार?" आणि त्यांनी त्यात नवे सेल घातले.

दुसऱ्या दिवशी टेप घेऊन पेठेतल्या मोटरा भरणाऱ्या दुकानात गेलो. तिथल्या मिस्त्रीने आधी विचारलं, की पोरींना मोटरीचं काय करायचंय. याच्यावर मी जे बोलले ते रेकॉर्ड झालं नाही, हे बरं झालं. मग त्याने एका मोटरीचा एक फ्यूज काढून ती क्षणभर चालू केली. खरा घूं माझ्या घूंसारखा अजिबात नव्हता. खाली दबलेला, जड, जनावर दावणीला हिसका देतं तसा. पुढची लाईट गेली तशा आम्ही गोदामात बसलो. दार लावलं, गठ्ठे जवळ ओढले, मी माइकपासून हातभर लांब बसले आणि भाग पुन्हा बोललो. मी भारनियमनावरही बोलले, पण हळू आवाजात.

लाईट आल्यावर टेप सेलवरच ठेवून भाग कॉम्प्युटरमध्ये उतरवला आणि काकांना बोलावून घेतलं. ते काउंटरपाशी मोबाईल कानाला लावून उभे राहिले. भाग संपला तरी त्यांनी कानाचा मोबाईल काढला नाही, परत लावला. मग म्हणाले, "आता कळलं." आणि कांदा मोटरीच्या भरवशावर टाकून आलोय म्हणत निघून गेले.

त्यानंतर बरेच दिवस ते दिसले नाहीत. कांदा पोसायचे दिवस होते. पेठेत कुणी पिंपळवंडीचं दिसलं की मैत्रीण विचारायची, आणि मी विचारत नाहीये असं दाखवत ऐकायची.

मग एका सकाळी दुकान उघडता उघडता काका आले. बसले नाहीत, चहा नको म्हणाले. खिशातून मोबाईल काढून काउंटरवर ठेवला.

"आता तुमी ऐका."

त्यांनी स्वतः केलेलं रेकॉर्डिंग होतं. सुरुवातीला नुसता वारा, फरफरफर. मग स्टार्टरचा खटका आणि लगेच तो आवाज, खाली दबलेला, जड. त्यावर एका बाईचा करडा आवाज, "आवो बंद करा की, काय करताय थितं?" मग काकांचा, अगदी जवळून, "थांब, रेकाडिंग चाललंय." लगेच खटका, आणि पुन्हा वारा.

"वळखला," काका म्हणाले. "वायरमननं पोलवर चढून फेज जोडून दिला संध्याकाळी. मोटर हाय तशी हाय. कांदा बी हाय."

मैत्रिणीने रेकॉर्डिंग पुन्हा लावलं. काका आता आमच्या दोघींच्या तोंडाकडे बघत होते, निकाल लागायच्या दिवशी बघावं तसे.

"कसं आलंय?" त्यांनी विचारलं.

"छान आलंय," मी म्हणाले. "फक्त वारा फार लागलाय, काका. आणि काकूंचा आवाज मधेच फाटतो."

काकांनी मोबाईल उचलून खिशात टाकला आणि टोपी नीट केली.

"ताई," ते म्हणाले, "मजकूर महत्त्वाचा."

मैत्रीण साड्यांच्या गठ्ठ्याकडे तोंड करून इतकी हसली, की तिचे वडील आतून बघायला आले.

पुढच्या भागात ते रेकॉर्डिंग आम्ही जसंच्या तसं घातलं, वाऱ्यासकट. आमचा तेवढा एकच भाग लोकांनी मागून मागून भरून नेला आणि आवाजाबद्दल एकानेही तक्रार केली नाही. फक्त पिंपळवंडीहून काकूंचा निरोप आला, की पुढच्या वेळी आधी सांगत चला, मी जरा नीट बोलले असते.