रुबेनचा तारा, माझा कंदील

रुबेन गेल्याचा फोन आला तेव्हा मी नाशकात द्वारका चौकातल्या माझ्या दुकानात दिवाळीचे उरलेले आकाशकंदील खोक्यात भरत होतो. त्यानंतर माळ्यावरून नाताळचे तारे काढायचे होते… ते तसेच राहिले.

सटाण्याहून रिकाम्या हातांनी येऊन मी हे सजावटीचं दुकान उभं केलं. नाशिक रोडला भाड्याच्या खोलीत राहायचो तेव्हाचा रुबेन माझा शेजारी. इतक्या वर्षांत त्यानं माझ्याकडून एक तारा घेतला नाही, याचा राग अजून गेलेला नाही. उलट गल्लीतल्या पोरांना बांबूच्या कामट्या आणि पतंगी कागद देऊन तारे बांधायला शिकवायचा. "माझं गिऱ्हाईक तोडतोस," म्हटलं की हसायचा. "विकतचा तारा वाट दाखवत नाही शेठ, दुकान दाखवतो."

मी भडकायचो. "तारा कसला, आमचाच कंदील तो. आणि तुमच्या नाताळच्या करंज्या काय बेथलेहेमहून आल्या?"

"नाहीच आल्या. माझी पणजी ख्रिस्ती झाली. आनंद झाला की करंज्या तळायच्या, एवढंच तिला ठाऊक. कंदील बांधता येत होता, म्हणून तारा बांधला. हात तोच. पण कंदील आपल्या घरासाठी, तारा रस्त्यावरच्या माणसासाठी."

"सोयीचं बोलतोस," असं म्हणत मी त्याच्या करंज्या संपवायचो. दर नाताळला हेच भांडण.

यंदा नाताळला त्याच्या घरी गेलो तर गल्लीभर तारे, फक्त त्याच्या दाराशी अंधार. तारा लावू का विचारलं, तर त्याची बायको, मार्थावहिनी, म्हणाल्या, "नको भाऊजी. दुखवट्याच्या वर्षी तुम्ही कंदील लावता का?"

"नाही."

"मग? तुम्हीच म्हणायचात, तारा म्हणजे कंदील."

भल्याभल्या ठोक व्यापाऱ्यांना मी घाम फोडलाय. त्या ओसरीत मात्र मीच कोंडीत सापडलो. बोलावं तर रुबेन जिंकतो, गप्प बसावं तर दार अंधारात राहतं…

"कंदील वेगळा, वहिनी," शेवटी म्हणालो. "तो घरच्या आनंदाचा. तारा रस्त्यावरच्यांसाठी. त्याला कसला दुखवटा?"

"हे ते असताना बोलायला काय झालं होतं?" असं म्हणत त्यांनी कामट्यांची मोळी माझ्यापुढे टाकली. "बांधा आता."

बांधला. एक टोक वाकडं झालं. असला माल मी दुकानाची पायरी चढू दिला नसता. नाताळ होऊन गेला, तरी वहिनी तो उतरवू देत नाहीत. म्हणतात, कोपऱ्यावरचा दिवा बंद आहे, येणाऱ्या-जाणाऱ्यांना बरं पडतं.