नव्या मॉडेलपायी हललेली शेगडी

कनेरगाव नाक्यावर तातेरावचा मोटार कारखाना होता. कारखाना म्हणजे घराचीच पुढली खोली, अन् मोटारी म्हणजे लेकरांच्या, पायडल मारून चालवायच्या. अठरा वर्षं तातेरावनं एकच जीप काढली, तीही लालच.

एक दिवस ढाबेवाला धर्मसिंग आला. "तातेराव, ढाब्यापुढं खेळायला सहा गाड्या पायजेत. पण जीप नको. छतवाली, चार दरवाज्यांची काढ."

"त्यात काय! पत्रा जरा जास्त लागंल," म्हणत तातेरावनं जीपचाच भाव सांगून टाकला.

नवी गाडी जीपपेक्षा दोन हात लांब निघाली. तिचा साचा बसवायला पत्रा वाकवायचं टेबल सरकवावं लागलं. टेबल सरकलं तर रंगाच्या कॉम्प्रेसरला जागा उरली न्हाई. तो स्वयंपाकघरात गेला. पहिल्याच फवाऱ्यात वरण निळं झालं, तशी तातेरावची बायको शिला शेगडी उचलून मोरीत जाऊन बसली. मग तातेराव खांद्यावर टॉवेल टाकून ढाब्यावर, ट्रक डायव्हरांच्या रांगेत आंघोळीला उभा.

"काहून रे, घरचं पाणी आटलं का?" धर्मसिंगनं विचारलं.

"पाणी हाय. मोरीत भाकरी होऊन राहिल्या."

चौथ्या दिवशी शिलाच्या पाठीवर नळ गळायला लागला. तिनं शेगडी उचलली, अंगणात लिंबाखाली मांडली आणि तशीच पिठाच्या हातानं ढाबा गाठला.

"भाऊ, भाव चुकलाय. साच्याचे पैसे वेगळे, माझ्या मोरीचे वेगळे."

"वहिनी, गाडीत मोरी कुठंय?"

"गाडीत न्हाई, गाडीपायी गेली! दुसरं मॉडेल पायजे म्हणता, मग आमचं घर कोण हलवून राहिलंय?"

जेवणारे डायव्हर घास तसाच धरून ऐकत होते. एक जण म्हणाला, "बराबर हाय बाईचं." धर्मसिंगला गिऱ्हाइकापुढं हुज्जत घालवेना. भाव दीडपट झाला, वर गाड्या होईस्तोवर दोघांचं जेवण ढाब्यावर ठरलं.

महिनाभरात सहाही निळ्या गाड्या ढाब्यावर पोचल्या. कॉम्प्रेसर हलवून तातेरावनं स्वयंपाकघर धुतलं, भिंतीला चुना दिला आणि मोठ्या मानानं शिलाला बोलावलं.

ती लिंबाखाली मिनाला, शेजारणीला, चहा गाळून देत होती. वारं झकास सुटलं होतं.

"तिथं तुमीच बसा," ती म्हणाली. "मी काही आत येत न्हाई."